पगारवाढीची शिक्षा : व्यवसाय कराचा उंबरठा केव्हा उचलणार?

तासगावातील एका पतसंस्थेत लेखनिकाचे काम करणारी एक भगिनी परवा भेटली. मार्चअखेर संस्थेने कर्मचाऱ्यांचे पगार वाढवले. तिचा पगार २४,९०० रुपयांवरून २५,०५० रुपये झाला. दरमहा १५० रुपयांची वाढ; फार नव्हे, पण वाढ ती वाढच. घरी गोडधोड झाले. महिनाअखेर पगार हाती आला तेव्हा तो पूर्वीपेक्षा ५० रुपयांनी कमी होता. व्यवस्थापकांकडे विचारणा केली तेव्हा त्यांनी पगारपत्रकातील एका रकान्यावर बोट ठेवले. रकान्याचे नाव 'पी.टी.', रक्कम २०० रुपये. "ताई, पंचवीस हजारांची मर्यादा ओलांडलीत ना, म्हणून," असे सांगून ते पुढच्या कामाला लागले. त्या भगिनीने मला विचारलेला प्रश्न साधा होता : "दादा, पगार वाढला म्हणून दंड भरायचा असतो का?"

मी कलाशाखेचा पदवीधर. आकडेमोडीशी माझे सख्य शाळेपासूनच बेताचे. पण या प्रश्नाने मला कागद-पेन्सिल घेऊन बसवले. वर्षाची वाढ १,८०० रुपये. वर्षाचा व्यवसाय कर, अकरा महिने २०० आणि फेब्रुवारीत ३०० या हिशेबाने, २,५०० रुपये. म्हणजे मालकाने १,८०० रुपये दिले आणि शासनाने २,५०० घेतले. निव्वळ तोटा ७०० रुपये. ही चूक त्या पतसंस्थेची नाही, व्यवस्थापकांचीही नाही. त्यांनी कायद्याप्रमाणेच केले. दोष आहे तो कायद्याने घातलेल्या उंबरठ्याचा.

हा कर आला कोठून?

पगारपत्रकावरील 'पी.टी.' ही दोन अक्षरे लाखो घरांत दरमहा वाचली जातात. पण हा पैसा कशासाठी घेतला जातो, हे विचारले तर दहांतील नऊ जण गप्प राहतील. आपल्या तासगावकरांनी तरी गप्प राहू नये. कारण या कराचे मूळ याच तालुक्याच्या मातीत आहे.

विठ्ठल सखाराम पागे हे नाव आज नव्या पिढीला फारसे ठाऊक नाही. महाराष्ट्र विधान परिषदेचे सभापतिपद त्यांनी १९६० पासून १९७८ पर्यंत भूषविले. ते काँग्रेसचे, आमच्या विचारांचे नव्हेत. परंतु समाजाच्या तळाशी असलेल्या माणसाविषयीची तळमळ ही कोण्या एका पक्षाची मिरासदारी नसते. १९६५ मध्ये तासगाव तालुक्यातील विसापूर परिसरात त्यांनी एक प्रयोग उभा केला. पोट भरण्यासाठी हात पसरणाऱ्याला भीक नको, काम द्यावे. आणि ते काम असे असावे की त्यातून बांध, ताली, विहिरी, रस्ते अशी गावाची कायमची मत्ता निर्माण व्हावी. 'मागेल त्याला काम' हे सूत्र पुढे महाराष्ट्रभर गेले ते येथून. मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांनी ते उचलून धरले आणि १९७२ च्या दुष्काळात त्या कल्पनेची अग्निपरीक्षा झाली. ज्यांनी त्या वर्षी खडी फोडली, पाझर तलावाची माती वाहिली, ती माणसे आजही आपल्या तालुक्यात आहेत. दुष्काळाने गुरे नेली, धान्य नेले. पण रोजगाराच्या कामांनी माणसे जगवली, हे त्यांच्याच तोंडून ऐकावे.

योगायोग पाहा. त्याच १९६५ च्या एप्रिलमध्ये पंडित दीनदयाळ उपाध्याय मुंबईत एकात्म मानवदर्शनावरील आपली चार व्याख्याने देत होते. विकासाचे मोजमाप शिखरावरच्या माणसाने नव्हे तर रांगेतील शेवटच्या माणसाने करावे, हा अंत्योदयाचा विचार देशापुढे येत असतानाच तासगावच्या माळावर एक काँग्रेसी गृहस्थ त्याच शेवटच्या माणसाच्या हाती कुदळ आणि मजुरी एकाच वेळी देत होता. पक्ष निराळे, शब्द निराळे. समाजपुरुषाची वेदना मात्र एकच.

कल्पना कितीही उदात्त असली तरी तिला पैसा लागतो. त्यासाठी महाराष्ट्राने १९७५ मध्ये व्यवसाय, व्यापार, आजीविका व नोकऱ्यांवरील कराचा कायदा केला. नोकरदार, व्यापारी, वकील, डॉक्टर यांनी आपल्या कमाईतून थोडा वाटा द्यावा. त्यात वाहनांवरील, ओलिताच्या जमिनीवरील व शहरांतील अनिवासी इमारतींवरील करांची भर पडावी. जेवढे जमेल तेवढेच शासनाने स्वतःच्या तिजोरीतून घालावे. आणि त्या रोजगार हमी निधीतून गावच्या मजुराला काम मिळावे, अशी ही रचना. रोजगार हमीचा कायदा विधिमंडळाने १९७७ मध्ये एकमताने संमत केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. कामाचा हक्क कायद्याने देणारे महाराष्ट्र हे देशातील पहिले राज्य ठरले. केंद्राचा रोजगार हमी कायदा येण्यास पुढे २००५ साल उजाडावे लागले.

तेव्हा हे स्पष्ट असू द्या की आमचे भांडण व्यवसाय कराच्या हेतूशी नाही. तो हेतू समाजऋणाचा आहे. मिळवणाऱ्याने न मिळवणाऱ्यासाठी वाटा काढावा, हे आपल्या परंपरेला नवे नाही. आमचे भांडण आहे ते हा वाटा कोणाकडून आणि किती घ्यायचा, या हिशेबाशी. पागे यांनी शेवटच्या माणसासाठी काढलेल्या योजनेचा भार आज शेवटून दुसऱ्या माणसाच्या पाठीवर ठेवला गेला आहे.

शेकडा दोन रुपये आणि शेकडा दोन पैसे

आता आकडे पाहू. पुरुष नोकरदाराला दरमहा ७,५०० रुपयांपर्यंत हा कर नाही. ७,५०१ ते १०,००० रुपयांपर्यंत दरमहा १७५ रुपये. १०,००० च्या पुढे दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३००, म्हणजे वर्षाला २,५०० रुपये. महिलांसाठी ही मर्यादा २०१५ मध्ये १०,००० करण्यात आली आणि १ एप्रिल २०२३ पासून ती २५,००० झाली. अर्थमंत्री म्हणून देवेंद्र फडणवीस यांनी २०२३ च्या अर्थसंकल्पात केलेली ही सुधारणा स्वागतार्हच होती. परंतु पुरुषांसाठी असलेली ७,५०० ची मर्यादा २०१४ मध्ये ठरली, ती तेथेच थिजली आहे.

७,५०० रुपये! महाराष्ट्रातील अनेक उद्योगांत महागाई भत्त्यासह किमान वेतन आज १०,००० रुपयांच्या पुढे गेले आहे. याचा अर्थ काय? ज्या मजुराला कायद्याने ठरवून दिलेले किमान वेतन प्रामाणिकपणे मिळते, तो मजूर व्यवसाय कराच्या दृष्टीने सर्वांत वरच्या टप्प्यातला 'श्रीमंत' ठरतो. करमुक्त राहायचे असेल तर एक तर त्याने अर्धवेळ काम करावे किंवा त्याच्या मालकाने किमान वेतनाचा कायदा मोडावा! एक कायदा म्हणतो, यापेक्षा कमी दिल्यास माणूस जगू शकणार नाही. दुसरा कायदा म्हणतो, एवढे मिळवणाऱ्याकडून पूर्ण कर घ्या. दोन्ही कायदे एकाच शासनाचे आहेत.

याहून विलक्षण गोष्ट वरच्या टोकाला आहे. महिना १०,००१ रुपये मिळवणारा शीतगृहातील हमाल वर्षाला २,५०० रुपये देतो. म्हणजे त्याच्या कमाईतील शेकडा २ रुपयांहून थोडे अधिक. महिना १ लाख मिळवणारा अधिकारी देतो तेही २,५०० रुपये. म्हणजे शेकडा २१ पैसे. महिना १० लाख मिळवणारा महानगरातील बडा व्यवस्थापक देतो तेही २,५००. म्हणजे शेकडा २ पैसे. आणि सर्वांवर कडी म्हणजे, कोट्यवधींची उलाढाल करणारी नोंदणीकृत कंपनी स्वतःच्या नावे भरते तो व्यवसाय करही २,५०० रुपयेच! बेदाण्याच्या पेट्या उचलणारा हात आणि नरिमन पॉइंटच्या काचेच्या इमारतीतली कंपनी यांना एकाच तराजूत तोलणारी ही कसली समता?

जुन्या राज्यकर्त्यांना अर्थशास्त्राच्या पदव्या नव्हत्या. तरीही शिवछत्रपतींच्या काळात जमिनीची मोजणी होऊन पिकाच्या हिश्श्यावर सारा ठरत असे. पीक अधिक तर वाटा अधिक, पीक कमी तर वाटा कमी. गरिबाच्या आणि धनिकाच्या दाराशी एकच ठोकळ रक्कम मागणे हा न्याय नव्हे, हे शहाणपण तेव्हा होते. आज संगणकाच्या युगात ते हरवले आहे.

चोराला सोडून संन्याशाला

यामागे एक घटनात्मक अडचण आहे, तीही वाचकांनी समजून घ्यावी. राज्यघटनेच्या अनुच्छेद २७६ नुसार हा कर एका व्यक्तीकडून वर्षाला ठरावीक रकमेहून अधिक घेता येत नाही. मूळ घटनेत ही कमाल मर्यादा २५० रुपये होती. १९८८ मध्ये साठाव्या घटनादुरुस्तीने ती २,५०० रुपये करण्यात आली. त्यानंतर साडेतीन दशकांहून अधिक काळ लोटला. रुपयाची किंमत किती घसरली हे सांगण्यास अर्थतज्ज्ञ नको. बाजारातून आलेली गृहिणी पुरेशी आहे. परंतु ती कमाल मर्यादा जागची हललेली नाही.

परिणाम काय झाला? वर छत पक्के. धनिकाकडून अधिक घेता येत नाही. मग निधी भरायचा तर जाळे खाली पसरायचे, आणि गरिबातल्या गरीब पगारदारालाही त्यात ओढायचे. पगारदार सापडतो सहज. कारण त्याचा कर मालकच कापून भरतो. जो स्वतः धंदा करतो आणि नोंदणीच करत नाही, तो सुटतो. अशा नोंदणी न केलेल्यांसाठी राज्य शासनाला २०१६ मध्ये अभय योजना आणावी लागली होती, हे विसरून चालणार नाही. चोराला सोडून संन्याशाला सुळी देणे म्हणतात ते याहून वेगळे काय असते?

केंद्राकडे पाहिले तर विसंगती अधिकच डोळ्यांत खुपते. २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पाने नव्या करप्रणालीत वर्षाला १२ लाख रुपयांपर्यंतच्या उत्पन्नावर आयकर लागणार नाही अशी व्यवस्था केली. म्हणजे महिना १ लाख मिळवणारा गृहस्थ देशाच्या दृष्टीने करमुक्त. आणि महिना ७,५०१ मिळवणारा हमाल राज्याच्या दृष्टीने करदाता! शिवाय १२ लाखांच्या रेषेवर काही रुपयांनी पुढे गेलेल्यावर एकदम बोजा पडू नये म्हणून तेथे सीमांत सवलत ठेवली आहे. जितके उत्पन्न रेषेच्या वर, त्याहून अधिक कर नाही. लखपतीसाठी केंद्राने जो विवेक दाखवला, तोच विवेक २५,०५० रुपये मिळवणाऱ्या भगिनीसाठी राज्याने का दाखवू नये?

दूर कशाला, शेजारी पाहा. कर्नाटकाने १ एप्रिल २०२३ पासून स्त्री-पुरुष असा भेद न करता २५,००० रुपयांखालील पगार व्यवसाय करातून मुक्त केले. गुजरातने २०२२ मध्ये ही मर्यादा १२,००० वर नेली. उत्तर प्रदेशात आणि दिल्लीत हा कर मुळी नाहीच. आपण निपाणी-बेळगाव महाराष्ट्रात यावे म्हणून पिढ्यान्‌पिढ्या झगडतो आहोत आणि झगडत राहू. पण निपाणीतील मराठी कारकुनाने उद्या विचारले की, "माझ्या २०,००० च्या पगारावर आज काही कर नाही, महाराष्ट्रात आल्यावर २,५०० रुपये कापणार का?" तर त्याला काय उत्तर द्यायचे?

आक्षेप आणि उत्तरे

कोणी म्हणेल, महिना २०० रुपये ही काय रक्कम झाली? दोनशे रुपयांत आजकाल काय येते? हा प्रश्न विचारणाऱ्याने तो महिना ११,००० रुपयांत घर चालवणाऱ्या माउलीसमोर विचारावा. वर्षाचे २,५०० म्हणजे २०२५-२६ मधील महाराष्ट्रातील रोजगार हमीच्या ३१२ रुपये दराने पूर्ण ८ दिवसांची मजुरी. ज्याच्यासाठी योजना, त्याच्याच सख्ख्या भावाची आठ दिवसांची मजुरी आपण योजनेच्या नावाने कापून घेतो. तासगाव तालुक्यातील कितीतरी घरांत थोरला भाऊ शीतगृहात पगारावर आणि धाकटा रोजगाराच्या कामावर आहे. एकाच चुलीवरचा तवा काढून त्याच चुलीवर ठेवण्यात कोणता अर्थव्यवहार साधतो?

दुसरा आक्षेप गंभीर आहे. मर्यादा उचलली तर निधीत तूट येईल, आणि तूट आली तर मजुराचे काम बंद पडेल. तूट येईल, हे मान्य केले पाहिजे. विशेषतः आता तर हा प्रश्न टाळता येणार नाही. २००५ च्या कायद्याच्या जागी संसदेने २०२५ च्या डिसेंबरमध्ये ग्रामीण रोजगाराचा नवा कायदा संमत केला. त्यात कामाची हमी १०० दिवसांवरून १२५ दिवस झाली आणि बहुतेक राज्यांसाठी खर्चाची वाटणी केंद्र ६० टक्के व राज्य ४० टक्के अशी ठरली. म्हणजे महाराष्ट्राच्या तिजोरीला रोजगारासाठी पैसा यापुढे अधिकच लागणार. अशा वेळी कर कमी करा म्हणणे बेजबाबदारपणाचे नव्हे काय?

नव्हे. कारण पैसा लागणार असेल तर तो जेथे आहे तेथून घ्यायला हवा. २०२३ मध्ये महिलांची मर्यादा १०,००० वरून एकदम २५,००० केली तेव्हाही महसूल बुडणारच होता. शासनाने तो सोसला आणि राज्य काही बुडाले नाही. शिवाय रोजगार हमीच्या नावाने गोळा झालेला पैसा त्या निधीत वेळेवर व पूर्ण जमा होतो का, यावर महालेखापरीक्षकांच्या अहवालांनी पूर्वी बोट ठेवलेले आहे. जो घडा भरताना गळतो, त्यात गरिबाच्या ओंजळीतले पाणी ओतत राहणे हा उपाय नाही. आधी घडा लिंपावा.

मागणी काय असावी?

नुसती टीका करून थांबणे हा आपला स्वभाव नाही. म्हणून चार मागण्या स्पष्ट शब्दांत मांडतो.

पहिली, पुरुषांसाठीही करमुक्त मर्यादा २५,००० रुपये करावी. घराचे उत्पन्न स्त्रीचे की पुरुषाचे यावरून डाळीचा भाव बदलत नाही. महिलांना दिलेली सवलत काढून घेऊन नव्हे, तर तीच सर्वांना देऊन ही समता आणावी. आणि ही मर्यादा किमान वेतनाशी जोडून द्यावी. म्हणजे दहा-दहा वर्षे ती कोणाच्या स्मरणाची वाट पाहत पडून राहणार नाही. हे राज्याच्या अधिकारात आहे. एका अर्थसंकल्पात होऊ शकते.

दुसरी, रेषेवरच्या माणसासाठी सीमांत सवलत हवी. मर्यादेच्या वर जितके रुपये, त्याहून अधिक कर त्या महिन्यात घेऊ नये. आमच्या त्या भगिनीला मग २०० ऐवजी ५० रुपये द्यावे लागतील आणि १५० पैकी १०० रुपये घरी नेता येतील. पगारवाढ ही शिक्षा ठरणार नाही.

तिसरी, अनुच्छेद २७६ मधील २,५०० रुपयांची कमाल मर्यादा वाढवावी, असा ठराव महाराष्ट्र विधिमंडळाने करून केंद्राकडे पाठवावा. कामाचा हक्क कायद्याने देणाऱ्या पहिल्या राज्याला हा ठराव करण्याचा नैतिक अधिकार सर्वांत अधिक आहे. महिना १० लाख मिळवणाऱ्याकडून आणि मोठ्या कंपन्यांकडून त्यांच्या ऐपतीप्रमाणे घेता आले तर खालच्या लाखो पगारदारांना सोडूनही निधी आजच्यापेक्षा भरलेला राहील.

चौथी मागणी पैशाची नाही, नात्याची आहे. पगारपत्रकावर 'पी.टी.' अशी मुकी अक्षरे न छापता 'रोजगार हमीसाठी' असे मराठीत छापावे. आणि कोणत्या तालुक्यातून किती कर जमला व त्या तालुक्यात रोजगाराची किती कामे झाली, याचा तक्ता दरवर्षी तहसील कचेरीच्या फलकावर लावावा. देणाऱ्याला आपण कोणासाठी देतो हे कळले तर तो कुरकुर न करता देतो. मंदिराच्या दानपेटीत हात आखडत नाही, कारण भाविकाला ठाऊक असते की पैसा कोणाच्या चरणी जातो.

कार्यकर्त्यांना एक विनंती. हा विषय अर्थतज्ज्ञांचा म्हणून बाजूला सारू नका. आपल्या शाखेच्या परिसरात, वस्तीत, सोसायटीत दहा घरांची पगारपत्रके पाहा. कोणाचा किती कर कापला जातो, त्याच्या कमाईत तो शेकडा किती पडतो, याची साधी नोंद करा आणि ती घेऊन आपल्या आमदारांना भेटा. सरकार कोणाचेही असो, हिशेब हातात घेऊन आलेल्या माणसाला टाळणे अवघड असते. शिवाय पागे यांच्या तालुक्यातून ही मागणी गेली तर तिचे वजन निराळे असेल.

ऋषिपंचमीला तासगावचा रथ निघतो. परशुरामभाऊ पटवर्धनांच्या गणपतीचा तो उंच रथ कोणा एका बलवानाने ओढलेला आजवर कोणी पाहिलेला नाही. दोरांना हजारो हात लागतात. पैलवान पुढे राहून जोर लावतो, म्हातारा नुसता दोराला हात लावून नमस्कार करतो. तरी रथ दोघांचाही असतो. म्हाताऱ्याने पैलवानाइतकाच जोर लावावा असा हट्ट तेथे कोणी धरत नाही. ज्या गावाला हे शहाणपण अडीचशे वर्षांच्या आसपास ठाऊक आहे, त्या गावाने ते मुंबईच्या मंत्रालयालाही सांगावे.